भीतीने राखलेली जमीन: आयर्लंडच्या गढ्या आणि आपली पांढर

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना नक्की वाटलं असेल की पुण्यात बसून आयर्लंडच्या गढ्यांचं काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. मी आयर्लंडला थोडाच वेळ जाणार आहे. उरलेला वेळ आपण शिरूर तालुक्यात, नागपूर जिल्ह्यात आणि आपल्या कसब्यात काढू. पण सुरुवात तिकडून करतो, कारण ओसाड जुन्या जागा आणि त्यांच्याभोवतीच्या गोष्टी यांचं नातं तिथे फार स्वच्छ दिसतं. एकदा ते तिथे पाहिलं की आपल्याकडचं ओळखायला सोपं जातं.

आयर्लंडचं बेट महाराष्ट्राच्या पावापेक्षा थोडंसंच मोठं. तेवढ्या जागेत सुमारे ४५,००० वर्तुळाकार गढ्या आजवर नोंदल्या गेल्या आहेत. इंग्रजीत त्यांना 'रिंगफोर्ट' म्हणतात. तिकडच्या गावांच्या नावांत 'लिस' किंवा 'रॅथ' आलं, म्हणजे लिसमोर, रॅथमाइन्स अशी नावं, तर ते बहुतेक वेळा या गढीवरूनच आलेलं असतं. 'फोर्ट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजगड येतो. तसं काही नाही. मातीचा गोल बांध, बाहेरून खंदक, आत पंचवीस ते पन्नास मीटर व्यासाची मोकळी जागा. दगडाळ मुलखात मातीऐवजी दगड रचलेले. आत एका कुटुंबाचं घर आणि गोठा. बहुतेक गढ्या इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकातल्या. त्या काळी तिथे माणसाची श्रीमंती गाईंवर मोजत आणि शेजारच्या टोळीच्या गाई पळवून आणणं हा पराक्रम मानत. म्हणून हा बांध. राजाचा किल्ला नव्हे, शेतकऱ्याचं कुंपण. आपल्याकडची पाटलाची किंवा देशमुखाची गढी कामाच्या दृष्टीने याला बरीच जवळची.

पुढे काळ बदलला, माणसं त्या गढ्यांतून बाहेर पडली, घरं कोसळली, फक्त गोल बांध उरले. ते कोणी बांधले हे लोक विसरले, पण जागा रिकामी राहिली नाही. लोक म्हणू लागले की तिथे 'ते' राहतात. 'ते' म्हणजे इंग्रजीत ज्यांना 'फेअरी' म्हणतात ते. आपण त्याचं भाषांतर 'परी' करतो आणि सगळा घोटाळा करून ठेवतो. पंख लावलेली गोड मुलगी नाही ती. आपल्याकडच्या आसरा आठवा, अमावास्येला निघणारी वेताळाची पालखी आठवा. त्या जातीचं प्रकरण. त्यांचं नाव उघड घ्यायचं नाही, 'भली माणसं' असं म्हणायचं. गढीवरचं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडायचं नाही. बांधावर नांगर घालायचा नाही. घातला तर गाय आटते, माणूस झिजतो, घरात कुणीतरी जातं.

याचा परिणाम काय झाला? जमिनीची भूक असलेल्या, दुष्काळ सोसलेल्या त्या देशात शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं शेताच्या मधोमध ही वर्तुळं तशीच सोडली. सरकारचा कायदा १९३० साली आला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून राखण गोष्टीच करत होत्या. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून या ठिकाणी नव्या रस्त्याच्या कामात असंच एक काटेरी झाड येत होतं. एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्याने जाहीरपणे आवाज उठवला आणि ते झाड राखून काम पुढे गेलं.

ऐकायला फार छान वाटतं. पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मार्च १८९५. टिपरेरी परगण्यातली ब्रिजेट क्लिअरी ही तरुण विवाहित बाई आजारी पडली. नवऱ्याने ठरवलं की ही आपली बायको नव्हेच. खरीला 'त्यांनी' गढीत नेलं आणि बदली हिला ठेवलं. नातेवाइकांच्या देखत तिचा छळ झाला, जाळण्यात आलं. त्यानंतर नवरा जवळच्या गढीवर रात्री जाऊन वाट पाहत बसला, की खरी बायको पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. ज्या समजुतीने बांध राखले, त्याच समजुतीने एका बाईचा जीव घेतला. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. नरेंद्र दाभोलकरांचा खून ज्या शहरात झाला, त्या शहरात दंतकथांवर बोलताना हे विसरून चालणार नाही.

तेव्हा प्रश्न असा आहे: गोष्टीतली भीती टाकून द्यायची, पण गोष्टीत साठलेली माहिती कशी वाचवायची? हा प्रश्न घेऊन आता घरी येऊ.

आपल्याकडे जमिनीचे दोन शब्द आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या कागदांत काळी-पांढरी असा जोडशब्द येतो, म्हणजे अख्खं गाव. पण गावाची माती पांढरी का? मातीची घरं बांधायची, ती पडायची, त्याच जागी पुन्हा बांधायची. त्यात चुलीची राख, शेण, हाडं, चुना, खापरं मिसळत जातात. शेकडो वर्षं हे चाललं की जमीन आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा उंच होते आणि तिचा रंग राखाडी, भुरका होतो. म्हणजे पांढर ही माणसांनी राहून राहून तयार केलेली माती आहे. निसर्ग अशी माती करत नाही. एखाद्या शेतकऱ्याला पुरातत्त्व हा शब्द माहीत नसेल, पण 'तिकडं पांढर हाय' असं तो म्हणतो तेव्हा तो पुरातत्त्वच सांगत असतो.

गावं उठतात. साथ येते, दुष्काळ येतो, लुटालूट होते, नदी पात्र बदलते. महसुलाच्या दप्तरात अशा गावाला एक शब्द आहे, 'बेचिराख'. आज आपण त्याचा अर्थ जळून राख झालेलं असा घेतो. मूळ फारसी शब्द 'बे-चिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. किती नेमका शब्द आहे पाहा. घरं आहेत की नाहीत हा प्रश्नच नाही. संध्याकाळी दिवा लागतो का, एवढाच प्रश्न.

दिवा गेला तरी अशा गावात बहुधा एक जण राहतो: देव. ओसाड पांढरीवरचा मारुती, म्हसोबा, मरीआई. नव्या जागी गेलेलं गाव वर्षातून एकदा नैवेद्य घेऊन जुन्या जागी येतं. आणि भोवती गोष्टी असतात. तिथे धन आहे, त्यावर नाग आहे. गढीतून भुयार आहे, ते थेट अमुक किल्ल्यावर निघतं. तिन्हीसांजेला तिथे जायचं नाही. गंमत म्हणजे भुयाराची गोष्ट आयर्लंडमध्येही आहे, आणि तिकडच्या कित्येक गढ्यांत खरोखरच दगडी भुयारं निघाली. किल्ल्यापर्यंत जाणारी नव्हेत, धान्य साठवण्याची आणि लपण्याची, पण भुयारंच. आपल्याकडच्या अशा गोष्टींत पेव आणि बळद यांची आठवण असावी असं मला वाटतं. धान्याचं पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली अंधारी पोकळीच ना?

आता एक पांढर उघडून पाहू. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीच्या काठावरचं इनामगाव. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इथे बारा हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. इनामगावला वस्ती होती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात. नऊशे वर्षं. सव्वाशेहून अधिक घरं उघडी झाली. शेती होती, सातू हे मुख्य पीक. सुरुवातीच्या काळात मोठी चौकोनी घरं दिसतात. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडलेलं दिसतं. त्यानंतर घरं लहान आणि गोल होत जातात, शेती आक्रसते आणि शेळ्यामेंढ्या व शिकारीवरची भिस्त वाढते. शेतकऱ्याचं गाव हळूहळू धनगरवाड्यासारखं होत गेलं. हा बदल भिंतींच्या आकारातून वाचता येतो.

आणि घराच्या जमिनीखाली काय? मुलं. तान्हं मूल गेलं की त्याला दोन रांजणांत ठेवून, रांजणांची तोंडं एकमेकांना भिडवून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांनाही घरातच किंवा अंगणात पुरत, आणि पुरण्याआधी त्यांची पावलं घोट्यापासून तोडत. का? मेलेल्याने उठून दुसरीकडे जाऊ नये, इथेच राहावं, असा एक तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. तर्क आहे, पुरावा नव्हे. पण भुताची पावलं उलटी असतात असं सांगणाऱ्या आपल्या आज्यांना हा तर्क फारसा परका वाटला नसता.

आयर्लंडमध्ये पण बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा मिळत नसे. मग आईबाप त्यांना गुपचूप जुन्या गढीत पुरून येत. इनामगावचा आणि त्यांचा काडीचा संबंध नाही. मधे दोन-अडीच हजार वर्षं आणि अर्धं जग आहे. पण 'त्या जागी जाऊ नये' या वाक्यामागे कधी कधी निव्वळ भूत नसतं, कुणाचं तरी दुःख असतं, एवढं लक्षात ठेवू.

वर्तुळं म्हणाल, तर तीही आपल्याकडे आहेत, विदर्भात. नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की जुनापाणी लागतं. तिथे सुमारे तीनशे शिळावर्तुळं नोंदलेली आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले आणि मधे मुरूम-दगडांचा उंचवटा. ही घरं नव्हेत, दफनं आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खोदून पाहिलं. काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले त्याला दिसले, आणि त्याने त्यांची तुलना थेट ब्रिटिश बेटांवरच्या तशाच खळग्यांशी केली. म्हणजे नागपूर आणि तिकडची बेटं शेजारी ठेवून पाहणारा मी काही पहिला नव्हे! त्याने यावरून लोकांच्या स्थलांतराचे जे तर्क केले ते टिकले नाहीत, नोंदी मात्र टिकल्या.

स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीला उत्खनन केलं. पुढे शां. भा. देव यांनी, आधी नागपूर विद्यापीठातून आणि मग आपल्या डेक्कन कॉलेजातून, या विषयाला आयुष्य दिलं. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड ही त्या कामातली नावं. वर्तुळांत काय मिळालं? लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर. काळी-तांबडी भांडी. अकीकाचे मणी. माहुरझरीला घोड्याचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकार. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. घोडा बाळगणारी, गुरं राखणारी, लोखंड ओळखणारी माणसं होती ही.

आणि लोक काय सांगतात? जुन्या, कोणी बांधलं ते माहीत नसलेल्या गोष्टींना आपल्याकडे दोन मालक ठरलेले: पांडव आणि गवळी. लेणं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलं. ओसाड वाडा किंवा दगडांची रांग दिसली की गवळीराजाच्या काळातली. खानदेशापासून नागपूरपर्यंत ही गवळीराजाची परंपरा ऐकायला मिळते. आयर्लंडमध्ये अशाच गढ्यांना लोक 'डेन लोकांचे किल्ले' म्हणत. डेन म्हणजे समुद्रावरून आलेले व्हायकिंग. इतिहास म्हणून हे चूक आहे. गढ्या स्थानिक शेतकऱ्यांच्याच होत्या.

मग गोष्ट खोटी म्हणून सोडून द्यायची? थांबा. गोष्टीला दोन वेगवेगळे प्रश्न विचारा. पहिला: कोणी आणि कधी? याचं उत्तर गोष्ट जवळजवळ नेहमी चुकीचं देते. दुसरा: कुठे? याचं उत्तर ती बऱ्याचदा अचूक देते. हा धोंडा नुसता धोंडा नाही, ही माती नुसती माती नाही, इथे आपल्याआधी कुणीतरी होतं. इतकं ती सांगते. आणि गवळ्यांच्या बाबतीत तर 'कोण'च्याही थोडं जवळ जाते. विदर्भातली ती माणसं गुरं राखणारी होती हे उत्खननातून कळायच्या आधीपासून लोक त्या मुलखात गवळ्यांचंच नाव घेत होते. ही खरी आठवण की योगायोग, हे ठरवता येत नाही. पण ऐकून न घेता फेकण्यासारखं नक्कीच नाही.

ही पद्धत पुण्यातच कुणी वापरून दाखवली असेल तर ती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. पेशाने गणिती. हातात काठी घेऊन वेताळ टेकडीपासून सगळा परिसर त्यांनी पायी पालथा घातला. शेंदूर फासलेली म्हसोबा-वेताळ, आयांची ठाणी कुठे आहेत ते पाहिलं, आणि त्याच वाटांवर अश्मयुगीन बारीक हत्यारं, सूक्ष्मास्त्रं, वेचली. १९६२ साली आलेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात त्यांनी म्हटलं की यांतली कित्येक ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्या-चौकांवर आहेत. गाव नव्हतं, शेती नव्हती, तेव्हा भटक्या टोळ्या ज्या वाटांनी फिरत त्या वाटांवर. देवाचं नाव बदललं, भक्त बदलले, जागा टिकली. यातही सावध राहायला हवं. शेंदराचा धोंडा आणि गारेचं पातं एकाच जागी मिळालं म्हणजे मधली हजारो वर्षं पूजा अखंड चालली, असं सिद्ध होत नाही. चांगली वाट चांगलीच राहते, म्हणूनही दोन्ही तिथे असू शकतात. पण कुठे शोधायचं हे कोसंबींना देवांनीच दाखवलं, एवढं खरं.

आता अगदी आपल्या पायाखाली येऊ. १६३० च्या सुमाराला आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणं जाळलं, उद्ध्वस्त केलं. नुसतं जाळून तो थांबला नाही. शकावलीत आणि परंपरेत सांगतात की त्याने गावावरून गाढवांचा नांगर फिरवला आणि जमिनीत लोखंडी पहार ठोकली. याचा अर्थ काय? ही पांढर मेली. इथे जो वस्ती करील त्याचं वाईट होईल. म्हणजे पुण्याचा कसबा हीच काही वर्षं 'जायचं नाही' अशी जागा होती! मग जिजाऊ आणि बालशिवाजी आले, दादोजी कोंडदेव कारभार पाहत होते, आणि परंपरा सांगते की त्याच जमिनीत सोन्याचा नांगर धरला गेला. नांगराला खरंच किती सोनं होतं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुद्दा हा की एका खुणेने बंदी घातली होती, तिला उलट खुणेनेच, सगळ्यांच्या देखत, उठवावं लागलं. नुसता हुकूम काढून लोक परत आले नसते. मनातली पहार आधी उपटावी लागली.

म्हणजे बंदी घालायची आणि उठवायची, दोन्हीची रीत होती. आज काय झालंय? बंदी उठलीये, पण रीत पाळून नव्हे. आपण ती नुसती विसरलोय.

पांढरीची माती खत म्हणून फार चांगली. त्यात राख आहे, हाडं आहेत. पूर्वी माणूस एखादी पाटी न्यायचा, धाब्याच्या घराला चार घमेली न्यायचा, तेही हात जोडून. आता जेसीबी येतो, ट्रॅक्टर लागतात. हजार वर्षांची पांढर हंगामाभरात काळीवर पसरली जाते आणि एकदा पसरली की ती पुन्हा वाचता येत नाही. खापर वेचून संग्रहालयात ठेवता येतं. पण कुठलं खापर कुठल्या थरात, कुठल्या चुलीशेजारी होतं हे गेलं ते गेलं. शिळावर्तुळांचे धोंडेही शेत साफ करताना बांधावर जातात.

कायदे आहेत. केंद्राचा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. पण ते मुख्यतः घोषित स्मारकांना लागू होतात, आणि महाराष्ट्रातली प्रत्येक पांढर घोषित होणं शक्य नाही. १८७८ चा एक निखात निधी कायदा आहे. त्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू कलेक्टरला कळवावी लागते. पण खापराची किंमत कोण करणार?

म्हणून मला आयर्लंडकडून एक गोष्ट घ्यावीशी वाटते, आणि ती 'भली माणसं' नव्हेत. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोककथा आयोगाने शाळांना हाताशी धरलं. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांहून अधिक मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारलं: आपल्या शिवारात गढी कुठे आहे? तिच्याबद्दल काय सांगतात? कोणत्या शेताला काय नाव आहे? आणि वहीत उतरवलं. लाखो पानं जमली. आज ती कुणालाही वाचता येतात. विश्वास ओसरायच्या आत त्यांनी माहिती उतरवून घेतली.

हे आपल्याला का जमू नये? यातल्या प्रत्येकाचं कुठेतरी एक गाव आहे. पुढच्या वेळी गेलात की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. आपली जुनी पांढर कुठं होती? कुठल्या रानात नांगर घालत नव्हते? आणि त्या रानाला काय म्हणायचे? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, शेजारी गट नंबर लिहा, फोटो काढा. खापर, मणी दिसला तर उचलू नका, आहे तिथेच फोटो घ्या. आणि ते राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. नागाची गोष्ट सांगितली तर तीही लिहा. नागावर विश्वास ठेवायची गरज नाही, पण नाग कुठे बसलाय ते लिहून ठेवायची गरज आहे.

भीती गेली हे चांगलंच झालं. ब्रिजेट क्लिअरीला विचारा. पण भीतीच्या गाठोड्यात आपल्या पूर्वजांनी पत्ते बांधून ठेवले होते. गाठोडं टाकताना ते आधी सोडून पाहू, इतकंच माझं म्हणणं आहे.